आधी भाकर, मग प्रश्न : मंडळीत कोणाचं दुःख ऐकायला बसताना

काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंचा १९ वर्षांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. मातीच्या तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, शास्त्र म्हणजे बायबल उघडलं आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन वाचलं. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, ते. प्रार्थना केली आणि निघाले. बाई ‘हो ताई’ म्हणाल्या. त्यानंतर जवळजवळ वर्षभर उपासना सुटली की त्या बाजूच्या दाराने जायच्या. पुढे कधीतरी बोलणं सुरू झालं तेव्हा सहज म्हणाल्या, “त्या दिवशी तुमच्यासाठी चहा टाकला होता. तुम्ही उठलात, तसाच राहिला.”

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. समुपदेशनाचं थोडं रीतसर शिक्षण घेतलं आणि बाकीचं अशा राहिलेल्या चहांतून शिकले. हा लेख पाळकांसाठी, पाळकीणबाईंसाठी, महिला मंडळ आणि तरुण संघ चालवणाऱ्यांसाठी आहे, कारण माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी यांच्याकडे येतो. खाली आलेल्या माणसांचे तपशील मी बदलले आहेत.

ज्या क्रमाने मी बसते तो क्रम बायबलातल्या १ राजे या पुस्तकाच्या अध्याय १९ मधला आहे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवून आलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या एका धमकीने पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो, ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो आणि झोपी जातो. देव त्याला झोपू देतो. मग निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. देवदूत एवढंच सांगतो की खा, तुला लांब जायचंय. चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर देवाचा पहिला प्रश्न येतो, ‘एलीया, इथे काय करतोस?’ एलीया आपली तक्रार सांगतो. वारा, भूकंप, अग्नी आणि मंद वाणी झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा येतो आणि एलीया तीच तक्रार, जवळजवळ शब्दाला शब्द, पुन्हा ऐकवतो. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. ‘मी एकटाच उरलोय’ हे एलीयाचं म्हणणं मुळात चूक आहे, ७,००० माणसं उरलेली आहेत. पण ही दुरुस्ती सगळ्यात शेवटी होते, आणि तीही हातात काम आणि सोबतीला शिष्य म्हणून अलीशा दिल्यानंतर. आपण नेमकी दुरुस्तीपासून सुरुवात करतो.

बसायच्या आधी

जागा साधी चालते. आम्ही संडे स्कूलच्या खोलीत बसतो, मुलांची बाकं बाजूला सारून दोन मोठ्या खुर्च्या मांडतो, समोरासमोर नाही, जराशा तिरक्या. समोरासमोर बसलं की चौकशी चालल्यासारखं वाटतं. तिरकं बसलं की माणसाला खिडकीकडे बघत बोलता येतं. दार बंद असलं तरी त्याला काच हवी, किंवा दार उघडं आणि बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर कोणीतरी. बाईंबरोबर बाईने बसावं. ते जमत नसेल तर पाळकसाहेबांनी एकट्याने बसू नये. यात कोणावर संशय नाही. दुखावलेलं माणूस आधार देणाऱ्याकडे ओढलं जातं आणि आधार देणाराही माणूसच असतो.

वेळ आधी सांगा. ‘आपल्याकडे पाऊण तास आहे’ म्हटलं की समोरच्याला बरं वाटतं, आणि खरी गोष्ट बहुतेक वेळा शेवटच्या दहा मिनिटांत बाहेर येते. वेळच सांगितली नाही तर ती दहा मिनिटं येतच नाहीत. फोन बाहेर ठेवा. रविवारी उपासनेनंतर, मागे लोक नाश्त्याच्या प्लेटा घेऊन उभे असताना, कोणाला ‘काय, कसं चाललंय?’ विचारणं म्हणजे समुपदेशन नव्हे.

गुप्तता, आणि ‘प्रार्थनेचा विषय’

इथे मला जरा लांबण लावायची आहे, कारण आपल्या मंडळ्यांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. बाहेरच्या जगात चुगली चुगलीच असते. आपल्याकडे तिला ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणतात. एका बहिणीने मन मोकळं केलं. ऐकणारीने संध्याकाळी घरसभेत ‘नाव नाही घेत, पण आपल्यातल्या एका बहिणीच्या संसारासाठी प्रार्थना करा’ असं सांगितलं. खोलीत अकरा जणी. नाव घ्यायची गरजच काय? रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रार्थना ग्रुपवर हात जोडलेले चाळीस इमोजी येतात आणि सकाळी तिच्या सासूचा फोन येतो.

म्हणून पहिल्या भेटीत, पहिल्या पाच मिनिटांत, मी एवढं सांगते: “तुम्ही बोलाल ते माझ्यापाशी राहील. प्रार्थनेसाठीसुद्धा कोणाला सांगणार नाही, माझ्या मिस्टरांनाही नाही. फक्त तीन वेळा मला गप्प बसता येणार नाही. तुमच्या जिवाला धोका असेल तर, तुमच्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, आणि एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल तर.” तिसरी गोष्ट आपल्या मर्जीची नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. ‘मंडळीचं नाव जाईल, आपसात मिटवू’ असं म्हणणारे वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, प्रत्येक मंडळीत भेटतात. त्यांना हे वाक्य वाचून दाखवा. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८ आहे.

कॅथलिक बंधुभगिनींसाठी एक खुलासा: पापनिवेदनाची (कन्फेशनची) गुप्तता हा संस्काराचा वेगळा विषय आहे. फादरांशी खुर्चीत बसून केलेलं समुपदेशन म्हणजे पापनिवेदन नाही. त्या दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये.

भाकरीचे प्रश्न

पहिल्या भेटीत आत्म्याची चौकशी नको. झोप किती लागते, मध्ये जाग येते की पहाटे लवकर डोळा उघडतो, जेवण जातं का, वजन उतरलंय का, शेवटचं रक्त कधी तपासलं, काही गोळ्या चालू आहेत का, दारू किती, मासिक पाळी थांबत आलीय का, बाळंतपण नुकतं झालंय का, हे विचारा. थायरॉइड बिघडला, रक्त कमी झालं, बी-१२ कमी पडलं की माणूस थकतो, चिडतो, रडतो, आणि मग आपण त्याला विश्वास कमी पडल्याचं सांगतो. आमच्याकडे एक तरुण मुलगी सहा महिने उपास-प्रार्थना करत होती. तिचं हिमोग्लोबिन सात निघालं. तिला पहिला सल्ला मिळायला हवा होता तो जेवायचा.

ऐकणं

ऐकायला शिकण्याचा मला सापडलेला सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे संवाद घरी जाऊन आठवेल तसा लिहून काढणं, आपलं आणि समोरच्याचं प्रत्येक वाक्य, गप्प बसल्याचीही नोंद. ही पद्धत इस्पितळांत पाळकीय सेवेचं शिक्षण देणाऱ्यांची आहे. अँटन बॉयसन नावाच्या अमेरिकन पाळकाने १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये नेऊन शिकवायला सुरुवात केली, तिथून ही परंपरा निघते. बॉयसन स्वतः काही वर्षांपूर्वी अशाच रुग्णालयात रुग्ण म्हणून राहिला होता. तो म्हणायचा, पुस्तकांइतकीच जिवंत माणसंही वाचायला शिका.

माझ्या जुन्या वहीतला एक तुकडा, वय साधारण साठ असलेल्या एका काकूंबरोबरचा:

काकू : घरी सगळं ठीक आहे. झोपच येत नाही फक्त.
मी : किती दिवस झाले?
काकू : नाताळापासून.
मी : प्रार्थना करून झोपता ना?
काकू : करते की.
(दोघी गप्प)
मी : रात्री चौथं स्तोत्र वाचत जा.
काकू : बरं.

लिहून काढल्यावर दिसलं. ‘नाताळापासून’ म्हणून त्यांनी दार उघडलं होतं आणि मी प्रार्थनेचा विषय काढून ते लावून घेतलं. शेवटचं ‘बरं’ हे आपल्या भाषेतलं सगळ्यात सभ्य ‘जाऊ द्या’ आहे. पुढच्या भेटीत मी एवढंच विचारलं, “काकू, नाताळात काय झालं होतं?” त्या बराच वेळ पदराचं टोक दुमडत राहिल्या. मग म्हणाल्या, “चूल वेगळी झाली. मुलगा वरच्या खोलीत करून खातो आता. एका माणसाला पीठ किती घ्यायचं तेच मला कळत नाही. रोज दोन भाकरी जास्त होतात.”

त्या दोन भाकरींसाठी मला कोणतंही वचन ठाऊक नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं झालं. मी विचारलं, जास्तीच्या भाकरींचं काय करता? म्हणाल्या, सकाळी कुस्करून खाते, टाकवत नाही. मग त्या चाळीस मिनिटं बोलल्या.

तुम्हीही एक संवाद असा लिहून बघा. नावं बदला, वही कुलपात ठेवा, काम झालं की पानं फाडून टाका. आपण किती वेळा मध्ये तोंड घालतो ते मोजा. ‘मला कळतंय तुला काय वाटत असेल’, ‘देवाची इच्छा’, ‘तो आता चांगल्या ठिकाणी आहे’, ‘अजून एक मूल आहे ना तुला’ ही चार वाक्यं निदान पहिल्या महिन्यात तोंडातून काढू नका. शास्त्रातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं.

तो एक प्रश्न

जेव्हा माणूस म्हणतं, ‘मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल’, ‘प्रभूने आता मला न्यावं’, तेव्हा आपल्याकडे ‘असं बोलू नये, पाप आहे’ म्हणून विषय बुजवतात. बुजवू नका. सरळ विचारा: “जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?” विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून जीव हलका होतो. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे प्रश्नही विचारा. कसं, कधी, काही ठरवलंय का, ते साधन घरात आहे का? आधी कधी प्रयत्न झालाय का?

ठरलेलं असेल तर त्या क्षणी माणसाला एकटं सोडायचं नाही, गुप्ततेचा शब्दही मोडायचा, आणि आपण शब्द मोडतोय हे त्याला सांगून मोडायचा. गावाकडे फवारणीचं औषध घरातच असतं. ते उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा, साठवलेल्या गोळ्याही. घरातल्या एका समजूतदार माणसाला बोलावून घ्या. १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन आहे, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. तुम्ही शेजारी बसून फोन लावून द्या. प्रयत्न झालेला असेल तर ११२ किंवा जवळचं इस्पितळ, प्रार्थना गाडीत बसल्यावर करा. पोलीस केसच्या भीतीने घरचे लपवतात. त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम ११५ असा प्रयत्न करणाऱ्या माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं धरून चालतं आणि त्याला शिक्षेपासून वाचवतं.

माणूस गेलेलं असेल तर घरचे विचारतात, ‘त्याला स्वर्ग मिळेल का?’ १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटलंय की गंभीर मानसिक विकाराने माणसाची जबाबदारी कमी होते, आणि आत्महत्या केलेल्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये. प्रॉटेस्टंट पाळकांनीही याहून कठोर बोलण्याचं कारण मला दिसत नाही. दफनभूमीच्या दारात न्यायनिवाडा करायला आपल्याला बसवलेलं नाही.

डॉक्टरकडे कधी, आणि ‘औषध सोडलं’ अशी साक्ष

दुःख म्हणजे आजार नव्हे. नवरा गेल्यावर महिनाभर रडणाऱ्या बाईला गोळीची गरज असेलच असं नाही. पण सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास, कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली, स्वतःला सतत दोष देणं चालू, असं दिसलं तर डॉक्टरकडे पाठवायचं. कोणी नसताना कानात बोलण्याचे आवाज येणं, ‘शेजारी माझ्या डोक्यातलं ऐकतात’ असा पक्का संशय, झोपेशिवाय दिवसेंदिवस उत्साहात पैसे उधळणं, ‘मला दर्शन झालंय, मीच संदेष्टा आहे’ असं एकाएकी सुरू होणं, बाळंतपणानंतर बाळाला इजा करण्याचे विचार, यात एक दिवसही थांबू नका. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. शक्य असेल तर पहिल्यांदा सोबत जा. केस पेपर काढायच्या रांगेत शेजारी उभं राहणं हीसुद्धा सेवाच.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. पहिल्या आठवड्यात मळमळ, सुस्ती वाटते आणि माणूस गोळ्या सोडतो. हे आधीच सांगून ठेवा. पुढे बरं वाटायला लागलं की दुसरा धोका येतो. कोणीतरी म्हणतं, बरं झालंय ना, मग विश्वास दाखव, गोळ्या फेक आणि देवाने बरं केल्याची मंडळीसमोर साक्ष दे. मी अशा दोन साक्षी ऐकल्या आहेत. टाळ्या पडल्या होत्या. पुढच्या चार महिन्यांत त्या दोन घरांत काय झालं ते ऐकायला मात्र टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी नव्हतं. या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि शास्त्राचाच आधार हवा असेल तर शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, प्रेषित पौलाने त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायलाही पौलानेच सांगितलं, त्याला नुसती प्रार्थनेची चिठ्ठी पाठवली नाही.

ख्रिस्ती समुपदेशन करणाऱ्यांत याबाबत जुना वाद आहे. एक बाजू म्हणते शास्त्र पुरेसं आहे, मानसशास्त्राची उसनवारी कशाला. दुसरी म्हणते, खरं ते कुठेही सापडलं तरी देवाचंच. मी दुसऱ्या बाजूची आहे. पहिल्या बाजूच्या लोकांचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे, फक्त त्यांनी एकदा सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत एक सकाळ काढावी.

‘बाधा’ या शब्दाचंही असंच. सुटकेची प्रार्थना करायची की नाही हा तुमच्या मंडळीच्या शिकवणीचा प्रश्न आहे. पण आधी डॉक्टर. फेफरं आणि बाधा यांत गल्लत होऊन अनेकांचं आयुष्य नासलंय. आणि भूत काढायच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, दोरखंड-साखळी वापरणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग ते मांत्रिकाने केलेलं असो की पाळकाने.

विलाप लिहिणं

आता भाकर पोटात गेली, झोप थोडी लागू लागली, बोलणं मोकळं झालं. साधारण चौथ्या-पाचव्या भेटीला मी शास्त्र उघडते, आणि बहुतेक वेळा स्तोत्र १३. सहाच वचनं. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा. आयुष्यभर मंडळीत वाढलेली माणसंसुद्धा दचकतात, ‘देवाला असं विचारायला चालतं?’ चालतं. स्तोत्रांच्या पुस्तकात स्तुतीइतकीच रड आहे, विलापगीत नावाचं अख्खं पुस्तक आहे, आणि ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, त्याला शेवटी आशेचं शेपूट जोडलेलं नाही.

मग वही देते. तेराव्या स्तोत्राच्या वळणाने स्वतःचा विलाप लिहायचा. आधी देवाला हाक, जी रोज मारता तीच. मग तक्रार, नावानिशी आणि तपशिलाने. ‘माझं दुःख’ असं मोघम नको, ‘चूल वेगळी झाली’ असं हवं. मग मागणी, काय हवंय ते सरळ. मग एखादी जुनी आठवण, जेव्हा देव जवळ वाटला होता. शेवटी स्तुती, आली तर. नाही आली तर पान तसंच सोडायचं. पाचवा भाग रिकामा राहिलेल्या वह्या माझ्याकडे बऱ्याच येतात आणि मी कोणालाही तो भरायला लावत नाही. एका काकांनी सात महिन्यांनी त्या रिकाम्या जागेत एकच शब्द लिहिला, ‘बघू’.

वीस मिनिटं पुरे. शुद्धलेखन नको, शास्त्राची भाषा नको, ‘हे कृपावंत पित्या’ही नको, घरी बोलता तसं लिहा. लिहिता येत नसेल तर फोनमध्ये बोलून ठेवा. आमच्याकडच्या एका आजींनी चक्क ओवी रचली. दळताना म्हणायची सवय होती, म्हणाल्या, असंच येतं मला. फादर स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूंनी १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं तेही ओवीतच, तेव्हा आजींनी काही नवं केलं नव्हतं.

एक सावधगिरी. बलात्कार, बालपणीचे अत्याचार, डोळ्यांसमोर झालेला मृत्यू, अशा आघातांत हा प्रयोग स्वतःच्या भरवशावर करू नका. ती जखम तपशिलाने उघडली आणि बांधता आली नाही तर माणूस आणखी खचतं. तिथे प्रशिक्षित माणूसच हवा.

क्षमेची घाई

नवरा मारतो. बाई पाळकांकडे येते. पाळकसाहेब नवऱ्याला बोलावतात, तो रडतो, दोघांना गुडघ्यांवर बसवून प्रार्थना होते, सत्तर वेळा सात वेळा क्षमा करण्याचं वचन वाचलं जातं आणि बाईला घरी पाठवलं जातं. हे मी पाहिलंय, आणि तरुणपणी त्या खोलीत मान डोलावत बसलेही आहे.

क्षमा, विश्वास आणि परत नांदायला जाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा ती मनात करील, तिच्या वेळेने, आणि ते तिच्यात आणि देवात राहील. विश्वास नवऱ्याने वागून कमवायचाय, त्याला महिने-वर्षं लागतील. परत जायचं की नाही हे ती सुरक्षित आहे की नाही यावर ठरायला हवं. आधी विचारा: हात उचलतो तेव्हा गळा दाबतो का? मारायची धमकी दिलीय का? मुलांना मारतो का? एकाचंही उत्तर हो असेल तर त्या रात्री ती कुठे झोपेल ते आधी बघा. महिला हेल्पलाइन १८१ आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, आणि नवऱ्याचं घर न सोडताही संरक्षणाचा आदेश मिळू शकतो. दोघांना एकत्र बसवून समजूत घालणं अशा वेळी टाळा. नवऱ्यासमोर ती खरं बोलणार नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत घरी मोजेल.

प्रार्थना कशी करायची

विचारून. “प्रार्थना करू का?” आणि ‘नको’ म्हटलं तर खरंच नको. मग “काय मागू?” तिने सांगितलेलेच शब्द वापरा, त्यात आपलं प्रवचन घुसडू नका. डोळे मिटून देवाला उद्देशून तिलाच सुनावणं, ‘प्रभू, हिला नम्र होण्यास शिकव’, यासारखा लबाड प्रकार नाही. डोक्यावर-खांद्यावर हात ठेवण्याआधी विचारा. दोन मिनिटांत संपवा. तेल लावून प्रार्थना याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे, मंडळीत प्रथा असेल तर जरूर करा, फक्त ‘आता बरं झालंच’ असं वचन देवाच्या वतीने देऊ नका.

दुसऱ्या धर्माचं माणूस आलं तर त्याच्या दुःखाचा फायदा घेऊन त्याला धर्म सांगायचा नाही. त्याने विचारलं तर उत्तर द्या. बस.

संपवणं

मी सहा ते आठ भेटी ठरवते. त्यानंतरही तोच भार असेल तर माझ्या हातून होणार नाही असं समजून पुढे पाठवते. मधल्या काळात एलीयासारखंच, हातात छोटं काम आणि जवळ एक सोबती. वर ज्यांच्या भाकरी जास्त होत होत्या त्या काकूंना आम्ही काही ‘सेवा’ दिली नाही. मंडळीत एकटा राहणारा एक विद्यार्थी होता, त्याला मेसचं जेवण सोसत नव्हतं, एवढंच त्यांच्या कानावर घातलं. सूनबाईंशी बोलणं व्हायला आणखी वर्ष गेलं आणि ते अजूनही जेमतेमच आहे.

दुःख मोठं असेल तेव्हा तारखा लिहून ठेवा. पहिल्या महिन्यात घरात रीघ असते. सांत्वनाची उपासना होते, महिन्याची मिस्सा (कॅथलिकांची चर्चमधली उपासना) होते, मग सगळे आपापल्या कामाला लागतात. फोन करायचा तो चौथ्या महिन्यात, गेलेल्याच्या वाढदिवसाला, पहिल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी. २ नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबं दफनभूमीत मेणबत्त्या लावतात, तेव्हा कोणी एकटं आलं असेल तर शेजारी उभे राहा.

आणि स्वतःसाठीही कोणी असू द्या. मी महिन्यातून एकदा दुसऱ्या गावच्या एका अनुभवी समुपदेशक बाईंकडे जाते, नावं न घेता माझ्या वह्या वाचून दाखवते आणि शिव्या खाते. आठवड्यात चारपेक्षा जास्त माणसांना मी बसत नाही. पूर्वी बसायचे, तेव्हा घरी मुलांवर ओरडायचे.

माझ्या कापडी पिशवीत पाण्याची बाटली, दोन स्वच्छ रुमाल, कोरी वही, एक पेन, १४४१६, १८१, १०९८ आणि ११२ लिहिलेला कागद, लहान नवा करार आणि पार्ले-जीचा पुडा असतो. सकाळपासून काही न खाता आलेलं माणूस आठवड्याला एक तरी निघतंच, त्यामुळे पुडा दर सोमवारी नवा घ्यावा लागतो.